भिजत घोंगडे
घटस्फोटाच्या दाव्यातील चालढकल आणि तिच्यावरचे उपाय

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या घराघरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. विवाहाच्या बाबतीत तर ती शतपटीने खरी आहे, असे आम्हीही म्हणू. परंतु काही दुर्दैवी जीवांना ती पायरी चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कोणाला मारहाणीमुळे माहेरी परतावे लागते, कोणाला जोडीदार टाकून निघून जातो. त्यांचे खरे हाल पुढेच सुरू होतात. दुसरा पक्ष नांदवीत नाही आणि सोडीतही नाही. समन्स घेत नाही, तारखेला येत नाही, आला तर पुढची तारीख मागून जातो. घोंगडे भिजत पडते. अशा भिजत पडलेल्या घोंगड्याविषयी, वाचकबंधुभगिनींनो, आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम एक शंका दूर करू. विवाहसंस्कार अभंग आहे ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही यत्किंचितही सैल करू इच्छीत नाही. परंतु तीच ख्रिस्तसभा आपल्या धर्मशिक्षणग्रंथात सांगते की, आपले न्याय्य हक्क, मुलांचे संगोपन किंवा वारसा यांच्या रक्षणासाठी मुलकी घटस्फोटावाचून दुसरा मार्गच नसेल, तर तो सहन करता येतो व त्यात नैतिक दोष नाही. जोडीदारापासून जिवाला अथवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर विवाहबंधन कायम ठेवून विभक्त राहण्याची मोकळीकही १९८३ च्या धर्मविधिसंहितेने दिली आहे. तेव्हा अन्यायाने गांजलेली आमची एखादी भगिनी न्यायालयात गेली, तर ती धर्म सोडून गेली असे कोणी समजू नये.

कायदा कसा बदलला

आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा आहे. त्याच्या मूळ स्वरूपात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. बायकोने मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध केला पाहिजे, असा दंडक होता. शिवाय जिल्हा न्यायालयाने दिलेला हुकूमनामा उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून पक्का होत नसे, आणि ती मंजुरी सहा महिन्यांच्या आत मिळतही नसे. म्हणजे दुसऱ्या पक्षाने काहीच खोडा घातला नाही, तरी कायदाच खोडा घाली.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने एका ख्रिस्ती स्त्रीच्या प्रकरणात हा भेदभाव घटनाबाह्य ठरविला. पुढे संसदेने २००१ साली कायदा सुधारला व ती सुधारणा त्याच वर्षी ३ ऑक्टोबरपासून अमलात आली. तेव्हापासून क्रूरता किंवा निदान दोन वर्षांचा परित्याग, यांपैकी एकही कारण नवरा व बायको दोघांनाही स्वतंत्रपणे पुरते. उच्च न्यायालयाच्या मंजुरीची अट गेली, आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याचे कलमही प्रथमच आले.

या बदलांची माहिती आमच्या खेड्यांतून अद्याप पुरती पोहोचलेली नाही. ‘ख्रिस्ती माणसाला घटस्फोट मिळतच नाही’ असे एक जण म्हणतो, तर ‘बिशपस्वामींनी कागद दिला की झाले’ असे दुसरा म्हणतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि चालढकल करणारा जोडीदार या अज्ञानावरच जगतो.

किती काळ लागतो?

परस्परसंमतीचा मार्ग सर्वांत जवळचा. त्यासाठी अर्जापूर्वी दोघांनी विभक्त राहिलेले असावे लागते. कायद्याच्या पुस्तकात हा काळ दोन वर्षांचा छापलेला आहे. परंतु इतर धर्मीयांना एक वर्ष व ख्रिस्ती लोकांनाच दोन वर्षे, हा भेद केरळ उच्च न्यायालयाने २०१० साली अमान्य केला, आणि पुढे आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयानेही तोच मार्ग स्वीकारून दोन वर्षांच्या ठिकाणी एक वर्ष वाचावे असे ठरविले. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनंतर व अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन आपली संमती कायम असल्याचे सांगावयाचे असते. म्हणजे सर्व सुरळीत झाले, तर अर्जापासून सहा-आठ महिन्यांत प्रकरण संपू शकते.

परंतु या मार्गाचा दुबळेपणाही येथेच आहे. पहिल्या अर्जावर सही केलेला जोडीदार दुसऱ्या वेळी आलाच नाही, किंवा ‘माझी संमती नाही’ म्हणाला, तर अर्ज पडतो. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखालील एका प्रकरणात १९९१ साली सांगितले, आणि आपल्या कायद्यातील तरतूदही त्याच घाटाची आहे. म्हणून ज्या माणसाने आजवर एकही शब्द पाळलेला नाही, त्याच्या ‘सही करतो’ या आश्वासनावर दोन-दोन वर्षे घालवू नयेत. पोटगी, दागिने, मुलांचा ताबा या सर्व गोष्टी मध्यस्थी केंद्रात लेखी ठरवून मगच परस्परसंमतीचा अर्ज करावा. तसे होत नसेल, तर क्रूरता किंवा परित्याग या कारणावर वादाचा दावा लावणे अखेरीस जवळचे ठरते.

वादाच्या दाव्याला किती काळ लागेल? हिंदू विवाह कायद्यात सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असे कलम आहे. आपल्या १८६९ च्या कायद्यात तसे कलम नाही. असे दावे वर्षांच्या हिशोबानेच चालतात, हे आधीच जाणून असावे. मात्र यांतील पुष्कळसा काळ सुनावणीत जात नाही. तो तहकुबीत जातो. आणि तहकुबीवर उपाय आहेत.

सीमेवरच्या घरांची अडचण

आपल्या भागात सोयरिकी राज्याच्या सीमा पाहून होत नाहीत. भालकीची मुलगी उदगीरला दिलेली असते, आळंदची अक्कलकोटला, औरादची देगलूरला. तंटा झाला की पहिला प्रश्न पडतो, दावा कोठे लावावयाचा? २००१ च्या सुधारणेनंतर विवाह जेथे लागला तेथे, पतिपत्नी जेथे राहतात तेथे, किंवा ती जेथे शेवटची एकत्र राहिली तेथे अर्ज करता येतो. म्हणजे लग्न बीदर जिल्ह्यातील देवळात लागले असेल, तर सासर लातूर जिल्ह्यात असले तरी बीदरला दावा लावता येतो. लग्नाचा पुरावा म्हणजे आपल्या धर्मग्रामाच्या विवाहनोंदवहीचा उतारा. तो मागावयास कोणी संकोच करू नये. येथील न्यायालयांचा कारभार कन्नड व इंग्रजीत चालतो. म्हणून मराठी पत्रे, पावत्या, पंचांचे कागद यांची भाषांतरे आधीच करून ठेवावीत. भाषांतर नाही म्हणून गेलेली तारीखही फुकट गेलेलीच असते.

कधी कधी नवरा मुद्दाम पलीकडच्या राज्यात दावा लावतो, म्हणजे बायकोने लेकरू कडेवर घेऊन बस बदलत दूर जावे व कंटाळून दावा सोडावा. एकाच राज्यातील दावा दुसऱ्या जिल्ह्यात हलविण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे. तसा अर्ज करता येतो. बीदर व कलबुर्गीच्या लोकांना उच्च न्यायालयासाठी आता बंगळूरपर्यंत जावे लागत नाही, हेही ध्यानात असावे. कलबुर्गीला २००८ पासून फिरते पीठ होते. २०१३ पासून ते कायमचे झाले.

चालढकलीचे प्रकार व त्यांवरचे उपाय

पहिला प्रकार समन्स चुकविण्याचा. बेलीफ आला की घरातील माणसे ‘तो पुण्याला गेला’ म्हणून सांगतात. तो मात्र मागच्या खोलीत असतो. येथे कायदा थांबत नाही. माणूस समन्स घेण्यास नकार देत असेल, तर त्याच्या दारावर ते डकविता येते. तो तोंड चुकवीत असल्याची न्यायालयाची खात्री पटली, तर वर्तमानपत्रातून जाहीर करता येते, आणि ती बजावणी प्रत्यक्ष हातात दिल्यासारखीच मानली जाते. मात्र त्यासाठी आपण खरा व पूर्ण पत्ता दिला पाहिजे. चुकीचा पत्ता देऊन मिळविलेला एकतर्फी हुकूम पुढे रद्द होतो आणि सारे श्रम वाया जातात.

दुसरा प्रकार कैफियत न देण्याचा. समन्स पोहोचल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावी, व न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढविली तरी ती नव्वद दिवसांपर्यंत, असा दिवाणी प्रक्रियासंहितेचा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हा नियम अगदी ताठर नसल्याचे सांगितले, तरी वाढीव मुदत ही अपवादानेच द्यावयाची असते. मुदत टळली की ‘कैफियतीवाचून पुढे चालवावे’ असा अर्ज आपल्या वकिलामार्फत त्याच तारखेला द्यावा. प्रतिवादी आलाच नाही, तर दावा एकतर्फी चालतो. परंतु एकतर्फी म्हणजे पुराव्यावाचून नव्हे. आपले साक्षीदार व कागद त्याही वेळी सादर करावेच लागतात.

तिसरा प्रकार तहकुबीचा. आज वकील आजारी, उद्या साक्षीदार गावी, परवा पेरणी. सुनावणीत एका पक्षाला तीनहून अधिक तहकुबी देऊ नयेत, आणि तहकुबीचा खर्च मागणाऱ्यावर बसवावा, असे प्रक्रियासंहितेत लिहिलेले आहे. लिहिलेले असले, तरी आपण मागितल्यावाचून ते घडत नाही. ‘खर्च द्यावा’ ही मागणी प्रत्येक तहकुबीला नोंदवावी. रोजनाम्यात अशा चार-पाच नोंदी झाल्या, की कोण दावा लांबवीत आहे हे न्यायाधीशमहाशयांना निराळे सांगावे लागत नाही.

चौथा प्रकार आपल्याच बाजूचा आहे, आणि तोही सांगितला पाहिजे. वकीलपत्र देऊन माणूस गावी येतो व वर्षभर विचारीत नाही. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांकांचा एक क्रमांक असतो, त्यास सी.एन.आर. म्हणतात. तो वकिलांकडून लिहून घ्यावा. त्यावरून पुढची तारीख व मागच्या तारखेला काय झाले हे मोबाईलवर पाहता येते. घरातील शाळकरी मुलालाही ते काम जमेल. तारखेला शक्य तो स्वतः हजर राहावे. जो अर्जदार स्वतःच गैरहजर राहतो, त्याचा दावा निकालात निघू शकतो, आणि मग चालढकल करणाऱ्याचे काम आपणच केल्यासारखे होते.

तोवर चूल कशी पेटावी?

चालढकलीचा खरा मार पोटावर असतो. नवरा जाणतो की, वर्षभर पैसा दिला नाही तर बायको कोणत्याही अटीवर सही करील. म्हणून घटस्फोटाच्या निकालाची वाट न पाहता पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी करावा. आपल्या कायद्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार दावा चालू असताना पत्नीला पोटगी व दाव्याचा खर्च मागता येतो, आणि असा अर्ज नोटीस पोहोचल्यापासून शक्य तो साठ दिवसांत निकाली काढावा, असे २००१ च्या सुधारणेत म्हटले आहे. पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावी, ही जुनी मर्यादाही तेव्हाच गेली.

याखेरीज सर्वधर्मीयांना लागू असलेला पोटगीचा मार्ग आहे. पूर्वी तो फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. हुकूम होऊनही पैसे न देणाऱ्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी असेही ठरविले की, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत व देणी यांचा प्रतिज्ञालेख द्यावा, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. अर्जाच्या तारखेपासून पोटगी चढू लागली, की चालढकल ही करणाऱ्यालाच महाग पडते. घरात मारहाण असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण व राहत्या घराचा हक्क मागता येतो. त्या अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी असे त्या कायद्यात आहे.

‘वकिलाला द्यावयास पैसे कोठून आणू?’ असे विचारणाऱ्या भगिनींना आम्ही सांगतो की, १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तसाच तो अनुसूचित जातीजमातींच्या लोकांनाही आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

ख्रिस्तसभेचे न्यायालय

मुलकी घटस्फोट हा सरकारी कागदावरचा निकाल आहे. त्याने देवापुढचे विवाहबंधन तुटत नाही. मात्र विवाह मुळातच वैध नव्हता, म्हणजे जबरदस्ती, फसवणूक किंवा विवाहाची जबाबदारी पेलण्यास गंभीर असमर्थता असे काही कारण लग्नाच्या वेळीच होते काय, याचा निवाडा धर्मप्रांताचे न्यायालय करते. आपले बीदर व कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे २००५ साली स्थापन झालेल्या गुलबर्गा धर्मप्रांतात मोडतात. त्या न्यायालयाचा निवाडा सरकार मानीत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले, आणि २०१७ साली तशी मान्यता मागणारा अर्जही फेटाळला. म्हणजे वाटा दोन आहेत. एक चालली की दुसरी आपोआप चालली, असे होत नाही. धर्मन्यायालयाचा निवाडा हाती घेऊन सरकारी घटस्फोटावाचून दुसरे लग्न लावणारा कायद्यापुढे गुन्हेगार ठरतो.

धर्मन्यायालयातही काही जोडीदार पत्र परत पाठवितात आणि मनात म्हणतात, ‘मी गेलो नाही तर काय होणार?’ संहिता त्यांना उत्तर देते. जो पत्र घेण्यास नकार देतो किंवा ते चुकवितो, त्याला ते रीतसर पोहोचले असेच मानावे. जो कारणावाचून येत नाही, त्यास गैरहजर ठरवून काम पुढे चालवावे. पहिल्या न्यायालयात एका वर्षाहून व दुसऱ्यात सहा महिन्यांहून अधिक काळ प्रकरण रेंगाळू नये, असेही तेथे म्हटले आहे. कै. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ साली या कायद्यात सुधारणा केली. पूर्वी दोन न्यायालयांचे निवाडे जुळावे लागत. ८ डिसेंबर २०१५ पासून अपील न झाल्यास एकच निवाडा पुरतो. ज्याच्या घराजवळ सोयीचे, तेथील धर्मप्रांतातही आता अर्ज करता येतो, आणि हे काम शक्य तितके विनामूल्य असावे अशी त्या सुधारणेची इच्छा आहे. विवाह अवैध ठरला, तर मुले अनौरस ठरतील ही भीतीही निराधार आहे. निदान एका जोडीदाराने तो विवाह चांगल्या श्रद्धेने केला असेल, तर मुले औरसच असतात.

आता दोन शब्द चालढकल करणाऱ्यास. बंधो, अथवा भगिनी, कारण पुरुषांनाही या छळातून जावे लागते, तुमची बाजू खरी असेल तर ती न्यायाधीशांपुढे मांडा. संसार पुन्हा जुळावा अशी खरी इच्छा असेल, तर समन्स घ्या, समोर या, आणि तसे बोला. कौटुंबिक न्यायालयाचे पहिले कर्तव्यच समेटाचा प्रयत्न हे आहे. परंतु नांदवावयाचे नाही, पोसावयाचे नाही, आणि केवळ दुसऱ्याचे आयुष्य गोठवून ठेवावयाचे, यास विवाहनिष्ठा म्हणत नाहीत. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी असे जुना करार सांगतो. मग ज्या माणसाशी आपण वेदीपुढे हात दिला, त्याचा न्याय दहा-दहा वर्षे अडवून ठेवणे हे पापनिवेदनात सांगण्याजोगे पाप नव्हे काय?

आणि दोन शब्द गावाला. तारखांच्या या काळात ती मुलगी ना सासरची, ना माहेरची. मिस्सेला आली की मागच्या बाकांवरून कुजबुज होते, लग्नकार्यात तिला बोलावीत नाहीत. केवळ मुलकी घटस्फोट घेतलेल्या व पुन्हा विवाह न केलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला ख्रिस्तप्रसाद घेण्यास त्या कारणाने काहीही आडकाठी नाही. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आजपासून ठाऊक करून घ्यावे. तारखेच्या दिवशी तिच्या लेकराला सांभाळणारी एक शेजारीण, बीदरपर्यंत सोबत येणारा एक मामा, आणि नोंदवहीचा उतारा वेळेवर देणारा आपला धर्मग्राम, एवढे मिळाले तरी तिचे निम्मे ओझे उतरते.

धीर धरावा ही आपल्या धर्माची आज्ञा आहे. परंतु धीर धरणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. प्रभूच्या दाखल्यातील ती विधवा न्यायाधीशाच्या दाराशी पुनःपुन्हा गेली, आणि ज्याला देवाचे भय नव्हते त्यालाही तिने अखेर न्याय द्यावयास लाविले. आमच्या ज्या भगिनी व बंधू आज तारखांच्या फेऱ्यात आहेत, त्यांनी तिचा कित्ता गिरवावा. प्रार्थना सोडू नये, आणि तारीखही सोडू नये.